कम्युनिटी कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांचा सहभाग कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत होणाऱ्या सहभाग-सर्व्हेबद्दल आहेत. कॉलेजच्या संशोधन कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांना, आणि 'तुमचा वर्ग सर्व्हेसाठी निवडला आहे' असं पत्र आलेल्या प्राध्यापकांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. शेवटी महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या उपयोगाचं थोडं.

कम्युनिटी कॉलेजसाठी वेगळा सर्व्हे कशाला? चार वर्षांच्या कॉलेजचाच का चालत नाही?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज. फी कमी, आणि प्रवेशाला गुणांची चाळणी नाही. इथून असोसिएट पदवी मिळते, वेल्डिंग किंवा वैद्यकीय साहाय्यकासारख्या कामाचं प्रमाणपत्र मिळतं, किंवा पहिली दोन वर्षं इथे काढून पुढे विद्यापीठात बदली घेता येते. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं. आजही चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुनं.

इथले निम्म्याहून जास्त विद्यार्थी पार्टटाइम असतात. नोकरी, घर, मुलंबाळं सांभाळून शिकणारे. बहुतेक ठिकाणी होस्टेल नाही. तास संपला की विद्यार्थी पार्किंगमध्ये जाऊन गाडी काढतो आणि कामावर जातो. त्याची आणि कॉलेजची गाठ पडते ती जवळजवळ फक्त वर्गात. त्यामुळे होस्टेलचं आयुष्य, क्लब, कॅम्पसवरचे कार्यक्रम यांच्याभोवती रचलेले प्रश्न त्याला विचारले, तर तो 'कधीच नाही' एवढंच लिहिणार, आणि त्यातून कॉलेजला काही कळणार नाही.

चार वर्षांच्या कॉलेजांसाठी इंडियाना विद्यापीठातून एनएसएसई हा सर्व्हे २००० साली सुरू झाला. त्याच धर्तीवर, पण कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून, ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात २००१ साली सीसीएसएसई (कम्युनिटी कॉलेज सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट) सुरू झाला. के मॅक्लेनी या त्याच्या संस्थापक संचालक. पुढे हा सर्व्हे चालवणाऱ्या तिथल्याच केंद्राने नवागत विद्यार्थ्यांसाठी 'सेन्स' आणि प्राध्यापकांसाठी सीसीएफएसएसई हे जोडसर्व्हे आणले.

'एंगेजमेंट' म्हणजे विद्यार्थी खूश आहेत का हेच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. समाधान विचारणारा प्रश्न असा असतो: 'तुमचे शिक्षक कसे आहेत?' सहभागाचा प्रश्न असा: 'या शैक्षणिक वर्षात तुमच्या कामाबद्दल शिक्षकांकडून लगेच प्रतिसाद तुम्हाला किती वेळा मिळाला?' पहिल्याचं उत्तर मत असतं. दुसऱ्याचं उत्तर घडलेली गोष्ट असते, आणि ती बदलायची कशी हे प्रश्नातच दिसतं.

यामागचा विचार जुना आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट पेस यांनी विद्यार्थ्याच्या मेहनतीची प्रत मोजायचा आग्रह धरला. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली मांडलं, की विद्यार्थी शिकण्यात जितका वेळ आणि जीव ओततो तितकं त्याच्या पदरात पडतं. चिकरिंग आणि गॅमसन यांनी १९८७ साली पदवी शिक्षणातल्या चांगल्या अध्यापनाची सात तत्त्वं सांगितली. मराठीत आपण 'सहभाग' म्हणतो, पण तो शब्द स्नेहसंमेलनाच्या बाजूला झुकतो. खरं तर अभ्यासात किती 'गुंतला' आहे, हे विचारायचं आहे.

सर्व्हेत नेमकं काय विचारतात?

पहिला मोठा गट वारंवारितेचा: वर्गात प्रश्न विचारलात का, निबंधाचे दोन किंवा अधिक कच्चे खर्डे केलेत का, वर्गाबाहेर इतर विद्यार्थ्यांबरोबर अभ्यास केलात का, शिक्षकांशी ग्रेडबद्दल बोललात का. उत्तरं चार: फार वेळा, बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही. मग आठवड्याचे तास: अभ्यासाला किती, नोकरीला किती, घरच्यांच्या देखभालीला किती, येण्याजाण्याला किती.

त्यानंतर सेवा. शैक्षणिक सल्ला, शिकवणी, आर्थिक मदत, संगणक कक्ष, मुलांसाठी पाळणाघर. प्रत्येकीबद्दल तीन गोष्टी: वापरता का, समाधान आहे का, तुमच्यासाठी ती महत्त्वाची आहे का. या तिन्हींची उत्तरं शेजारी ठेवून वाचावीत. 'महत्त्वाची आहे' म्हणणारे भरपूर आणि वापरणारे थोडे असं चित्र दिसलं, की सेवा लोकांपर्यंत पोहोचत नाही असं समजावं. बहुतेकदा तिची वेळ दुपारी चारला संपत असते.

आणखी एक प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे: कोणत्या कारणाने तुम्हाला कॉलेज सोडावं लागू शकतं? पूर्णवेळ नोकरी, घरच्यांची जबाबदारी, अभ्यासाची अपुरी तयारी, पैशांची चणचण, असे पर्याय असतात. पुढच्या सत्राच्या मदतीचं नियोजन या एका प्रश्नावरून करता येतं.

पाच 'बेंचमार्क' कोणते?

सक्रिय आणि एकत्रित शिक्षण, विद्यार्थ्याची मेहनत, अभ्यासाचं आव्हान, विद्यार्थी-शिक्षक संपर्क, आणि विद्यार्थ्यांना मिळणारा आधार. संबंधित प्रश्नांचे गट करून हे पाच आकडे काढतात.

आमचा स्कोअर ४७ आला. म्हणजे शंभरपैकी ४७ मार्क?

मुळीच नाही. हे मार्क नाहीत, आणि टक्केही नाहीत. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी ० ते १ च्या मापावर आणतात. चार पर्यायांच्या प्रश्नात 'कधीच नाही' म्हणजे ०, 'कधीकधी' म्हणजे ०.३३, 'बऱ्याचदा' म्हणजे ०.६७, 'फार वेळा' म्हणजे १. सात पर्यायांचे प्रश्नही याच मापावर येतात, नाहीतर जास्त पर्यायांचा प्रश्न विनाकारण जड होतो. मग गटातल्या प्रश्नांची सरासरी काढतात आणि ती अशी बेतून घेतात, की तुलनेच्या सगळ्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची मिळून सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) २५ यावं. तुलनेचा गट लागोपाठ ३ वर्षांतल्या सहभागी कॉलेजांचा असतो.

हिशेब करून पाहू. समजा एका गटात सगळ्यांची सरासरी ०.४० आणि प्रमाण विचलन ०.२० आहे. एका विद्यार्थिनीची सरासरी ०.४८ आली. फरक ०.०८, म्हणजे विचलनाच्या ०.४ पट. २५ गुणिले ०.४ म्हणजे १०. तिचा स्कोअर ६०.

आता ४७ कडे या. ५० पासून ३ गुण खाली, म्हणजे ३ भागिले २५, विचलनाच्या ०.१२ पट. केंद्राच्या अहवालांत फरकाची खूण करायची तर दोन अटी लागतात: सांख्यिकी सार्थकतेची पातळी ०.००१ (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी), आणि परिणामाचा आकार, म्हणजे विचलनाच्या पटीत मोजलेला फरक, किमान ०.२. दुसरी अट साधारण ५ गुणांची झाली. त्यामुळे ४७ साठी तातडीची बैठक बोलवायची गरज नाही, आणि ५२ साठी बॅनर लावायचीही नाही. एका कॉलेजपासून दुसऱ्या कॉलेजपर्यंत जेवढा फरक दिसतो, त्याहून कितीतरी मोठा फरक एकाच कॉलेजच्या आत, दिवसाच्या आणि संध्याकाळच्या विद्यार्थ्यांत असतो. नजर तिथे लावा.

नमुना विद्यार्थ्यांचा न काढता वर्गांचा का काढतात?

कारण विद्यार्थी सापडतो तो वर्गात. नोंदणीच्या यादीतून सुटी नावं काढून ईमेल धाडली, तर उत्तर देतात ते मुख्यतः कॉलेजशी आधीच जोडलेले विद्यार्थी, आणि ज्यांच्याबद्दल काळजी आहे तेच निसटतात. म्हणून सत्राच्या यादीतून वर्ग यदृच्छ पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) निवडतात, आणि निवडताना सकाळ, दुपार, संध्याकाळ असे वेळेचे थर पाडतात. थर पाडले नाहीत, तर रात्रीचे वर्ग मोजकेच असल्याने चिठ्ठीत सुटून जाऊ शकतात.

यादी काढतानाच बऱ्याच चुका होतात. क्रेडिट नसलेले वर्ग, एका विद्यार्थ्यापुरते स्वतंत्र अभ्यासाचे वर्ग, हायस्कुलाच्या इमारतीत चालणारे दुहेरी नोंदणीचे वर्ग वेळीच वगळले नाहीत, तर निवडलेल्या वर्गाच्या दारात गेल्यावर कळतं की आत सगळे सोळा वर्षांचे आहेत. १८ वर्षांखालच्यांची उत्तरं सीसीएसएसईच्या विश्लेषणात धरत नाहीत. दुसरी नेहमीची चूक एकाच खोलीत, एकाच वेळी दोन क्रमांकांनी चालणाऱ्या वर्गांची: यादीत ते दोन दिसतात, प्रत्यक्षात एकच असतो. यादी निबंधक कार्यालयाकडून सत्र सुरू झाल्यावर, नोंदणी स्थिरावल्यावरच घ्या. आधी घेतली तर रद्द झालेले वर्ग त्यात राहतात.

पार्टटाइम विद्यार्थ्यांना जास्त 'वजन' का देतात? हा आकड्यांशी खेळ नाही का?

वजन दिलं नाही तरच आकडे फसवतील. १२ किंवा अधिक क्रेडिटचा विद्यार्थी फुलटाइम धरतात; तो चार-पाच वर्गांत बसतो. एकाच वर्गाला येणाऱ्या पार्टटाइम विद्यार्थ्यापेक्षा तो नमुन्यात सापडण्याची शक्यता ढोबळ मानाने चौपट. त्यामुळे वर्गांतून काढलेल्या नमुन्यात फुलटाइम विद्यार्थी नेहमीच जास्त येतात.

समजा कॉलेजात ६५ टक्के पार्टटाइम आणि ३५ टक्के फुलटाइम आहेत. नमुन्यात आले ३० टक्के पार्टटाइम, ७० टक्के फुलटाइम. समजा पार्टटाइमची सरासरी ४४ आणि फुलटाइमची ५६. सरळ सरासरी काढली तर ५२.४ येते, म्हणजे ५० च्या वर. आता पार्टटाइम उत्तराला ६५ भागिले ३० म्हणजे २.१७ आणि फुलटाइमला ३५ भागिले ७० म्हणजे ०.५ असं वजन द्या. सरासरी येते ४८.२. तेच विद्यार्थी, तीच उत्तरं. पण कॉलेजचं खरं प्रमाण धरल्यावर ५० च्या खाली. दोन्ही आकडे संचालक मंडळासमोर ठेवण्याच्या मोहात पडू नका. वजन दिलेला आकडा द्या, आणि शेजारी दोन गटांचे स्वतंत्र आकडे द्या.

वजन सगळं दुरुस्त करतं असंही नाही. रात्रीच्या वर्गातले नऊच विद्यार्थी आले असतील, तर त्या नऊ जणांचीच उत्तरं मोठी होतात. न आलेल्यांची उत्तरं वजनातून उगवत नाहीत.

किती विद्यार्थी पुरे?

पाठ्यपुस्तकातला ३८४ हा आकडा (९५ टक्के विश्वास, ५ टक्के चूक) सुट्या नावांच्या नमुन्यासाठी आहे. वर्गांचा नमुना घेतला की तो पुरत नाही, कारण एका वर्गातले विद्यार्थी एकमेकांसारखे असतात: तेच शिक्षक, तीच वेळ, तोच विषय. सरासरी वर्ग २१ जणांचा आणि वर्गातलं साम्य ०.०५ धरलं, तर नमुना किती पट मोठा लागेल हे दाखवणारा गुणक १ अधिक २० गुणिले ०.०५, म्हणजे २. याचा अर्थ ८०० उत्तरांची ताकद ४०० सुट्या उत्तरांइतकी. मोठ्या वर्गांपेक्षा जास्त वर्ग घेणं केव्हाही बरं. शिवाय गैरहजेरी आणि प्राध्यापकांचे नकार धरून लागतात त्याहून थोडे जास्त वर्ग सुरुवातीलाच निवडून ठेवा. ऐन वेळी 'त्या सरांचा वर्ग घेऊ, ते नाही म्हणत नाहीत' असं केलं, की यदृच्छपणा तिथेच संपला.

वसंत सत्रातच का? लवकर केला तर नाही चालणार?

सीसीएसएसई 'या शैक्षणिक वर्षात' असं विचारतो. सप्टेंबरात विचारलं तर विद्यार्थ्याकडे आठवायला दोनच आठवडे असतात. म्हणून तो वसंत सत्रात, म्हणजे वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, होतो.

पण याची किंमतही आहे. जे विद्यार्थी पहिल्या सत्रातच सोडून गेले, ते वसंतात वर्गात नाहीत. उरलेत त्यांनाच आपण विचारतो आहोत. 'आमचे विद्यार्थी सल्लागाराला भेटतात' हे वाक्य खरं असलं, तरी भेट न झालेले कदाचित डिसेंबरातच गेलेले असतील. हेच भगदाड बुजवायला सेन्स आहे: तो हिवाळ्याआधीच्या सत्रात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात होतो, आणि पहिल्या तीन आठवड्यांत काय घडलं ते विचारतो. नोंदणी जमली का, प्लेसमेंट चाचणीबद्दल (कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी चाचणी) कोणी सांगितलं का, पुढच्या सत्राचा आराखडा कोणी बसून केला का. एकच सर्व्हे परवडणार असेल आणि पहिल्या वर्षातली गळती ही मुख्य चिंता असेल, तर सेन्स निवडावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

माझा वर्ग निवडला गेला. मला काय करावं लागेल?

तास राखून ठेवा. कागदी सर्व्हेला सूचनांसकट जवळजवळ पूर्ण तास जातो. ऑनलाइन घेत असाल तरी २५ मिनिटं धरा, आणि ती तासाच्या सुरुवातीची द्या. शेवटी ठेवलं की अर्धे विद्यार्थी बॅग आवरत घाईने खुणा करतात, आणि ज्यांना बस पकडायची आहे ते निघून जातात.

सूचना दिल्या असतील तशाच वाचून दाखवा. आपल्या शब्दांत 'आपल्या कॉलेजचं नाव चांगलं व्हावं' असं काही बोललात, की उत्तरं फिरतात. विद्यार्थ्यांमधून फिरू नका, खांद्यावरून डोकावू नका. ज्याने दुसऱ्या वर्गात हाच सर्व्हे भरला आहे, त्याने तसं नोंदवायचं असतं. ती दुबार उत्तरं विश्लेषणातून बाजूला निघतात. फोनवर भरायचं असेल तर फळ्यावर दुवा मोठ्या अक्षरात लिहा, आणि फोन नसलेल्यांसाठी दोन-तीन टॅबलेट जवळ ठेवा.

त्या दिवशीची हजेरी लिहायला विसरू नका. पटावर २४, हजर १७, पूर्ण उत्तरं १६: हजर असलेल्यांत ९४ टक्के, पटावरच्यांत ६७ टक्के. अहवालात दोन्ही टक्के द्यायचे असतात, आणि हजेरी नसेल तर पहिला काढताच येत नाही.

सर्व्हे विद्यार्थ्यांना नुसता ईमेलने पाठवला तर?

स्वस्त पडतो, उत्तरं कमी येतात. कम्युनिटी कॉलेजचे बरेच विद्यार्थी कॉलेजचा ईमेल उघडतच नाहीत. पाठवायचाच असेल तर विद्यार्थ्याला माहीत असलेल्या माणसाच्या नावाने पाठवा, विषयाच्या ओळीत किती मिनिटं लागतील ते लिहा, आठवणी वेगवेगळ्या वारी आणि वेळी द्या, आणि शक्य असेल तर मेसेजही करा. कोविडनंतर ऑनलाइनच चालणारे वर्ग वाढले, त्यांच्यासाठी दुसरा मार्गही नाही. तिथे कोर्सच्या पानावर, नेहमीच्या गृहपाठाच्या जागी दुवा ठेवला तर ईमेलपेक्षा जास्त लोक तो पाहतात.

टक्का किती आला यापेक्षा कोण आले ते आधी तपासा. वय, पार्टटाइम की फुलटाइम, दिवस की संध्याकाळ, लिंग, शाखा: प्रत्येकाचं उत्तरांतलं आणि पटावरचं प्रमाण शेजारी मांडा. ४० टक्के उत्तरं आली पण त्यात संध्याकाळचं कोणीच नाही, यापेक्षा २० टक्के आणि सगळीकडून आलेली केव्हाही चांगली.

सोडतीत मोठं बक्षीस ठेवावं का?

प्रत्येकाला नक्की मिळणारी छोटी गोष्ट जास्त काम करते. कॅन्टीनची कॉफी सुद्धा.

विद्यार्थी मन लावून उत्तरं देतात हे कशावरून?

सगळे देत नाहीत, आणि ते ओळखायची सोय प्रश्नावलीतच आहे. वारंवारितेच्या गटात एक प्रश्न उलटा आहे: 'वाचन किंवा गृहपाठ पुरा न करता वर्गात आलात, असं किती वेळा झालं?' इथे 'कधीच नाही' हे चांगलं उत्तर. आता कागद डोळ्यांसमोर आणा. एकाच स्तंभात वरून खालपर्यंत गोल भरत गेलेत, 'फार वेळा', 'फार वेळा', 'फार वेळा', आणि या उलट्या ओळीवरही पेन न थांबता तसंच. हा विद्यार्थी एकाच वेळी खूप मेहनती आणि कधीच तयारी न करणारा, असं सांगतो आहे. त्याने वाचलेलं नाही. त्या गटात सगळीकडे 'फार वेळा' किंवा सगळीकडे 'कधीच नाही' असलेल्या प्रती विश्लेषणातून काढतात.

स्मृतीचा प्रश्न मात्र यापेक्षा खोल आहे. 'बऱ्याचदा' म्हणजे किती? रोज वर्गात बोलणाऱ्याचं 'कधीकधी' आणि लाजऱ्या विद्यार्थ्याचं 'बऱ्याचदा' प्रत्यक्षात एकच असू शकतं. स्टीफन पोर्टर यांनी २०११ साली कॉलेज सर्व्हेंवर याच मुद्द्यावरून कडक टीका केली, आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. आमच्या मते यावरचा व्यवहार्य उपाय असा: एका विद्यार्थ्याच्या उत्तरावरून त्याच्याबद्दल काही ठरवू नका. गटांची तुलना करा, आणि तोच प्रश्न तीन वर्षांनी तसाच विचारा.

स्कोअर चांगला म्हणजे विद्यार्थी पास होतात, असं सिद्ध झालं आहे का?

मॅक्लेनी आणि मार्टी यांनी २००६ साली मांडलेल्या अभ्यासात सर्व्हेची उत्तरं विद्यार्थ्यांच्या नोंदींशी जोडून पाहिली, आणि सहभाग व यश यांचा सकारात्मक संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नव्हे. ज्याच्याकडे वेळ आहे तो शिक्षकांनाही भेटतो आणि पासही होतो.

आमचे स्वतःचे प्रश्न जोडता येतात. ते लिहिताना काय चुकतं?

एका प्रश्नात दोन गोष्टी: 'सल्लागार उपलब्ध आणि मदत करणारे होते का?' उपलब्ध होते, पण मदत झाली नाही, तर काय लिहायचं? दुसरं म्हणजे कॉलेजची भाषा. 'ॲकॅडमिक ॲडव्हायजिंग', 'ऑफिस अवर्स', 'डेव्हलपमेंटल एज्युकेशन' हे शब्द कर्मचाऱ्यांना रोजचे. घरातून कॉलेजला आलेल्या पहिल्याच मुलाला 'ऑफिस अवर्स' म्हणजे सरांनी ऑफिसात काम करायची, आपण त्रास न द्यायची वेळ वाटू शकते. तिसरं म्हणजे काळ न सांगणं.

पाच ते आठ विद्यार्थ्यांना एकेक करून बसवा, प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि उत्तर देताना मनात काय आलं ते बोलायला सांगा. जिथे ते अडखळतात तिथे प्रश्न चुकला आहे, विद्यार्थी नव्हे.

प्राध्यापकांचा सर्व्हे वेगळा का घेतात?

प्राध्यापक म्हणतात 'मी बऱ्याचदा लगेच प्रतिसाद देतो', विद्यार्थी म्हणतात 'कधीकधी मिळतो'. हा फरक चर्चेला उत्तम सुरुवात करून देतो. मात्र प्राध्यापक एका ठरावीक कोर्सबद्दल सांगतात आणि विद्यार्थी सगळ्या कॉलेजातल्या अनुभवाबद्दल, त्यामुळे दोन आकडे एकमेकांतून वजा करून 'प्राध्यापक वाढवून सांगतात' असा निष्कर्ष काढणं चूक आहे आणि अन्यायाचंही. तसं एकदा झालं, की पुढच्या वेळी वर्ग मिळत नाहीत.

विद्यार्थ्याचं नाव उघड होतं का? माझ्या वर्गाचा निकाल माझ्या मूल्यमापनात येईल का?

निनावी आणि गोपनीय हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सूचनांमध्ये योग्य तोच वापरला पाहिजे. विद्यार्थी क्रमांक विचारला असेल, तर उत्तर ग्रेड आणि पुढच्या नोंदणीशी जोडता येतं. ते मोलाचं आहे, पण मग सर्व्हे निनावी राहत नाही, गोपनीय असतो. शैक्षणिक नोंदींना अमेरिकेत फर्पा हा १९७४ चा गोपनीयतेचा कायदा लागू आहे, आणि संशोधन म्हणून वापर करायचा असेल तर नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. दहापेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे छापू नका: 'रात्रीच्या नर्सिंगमधले चाळिशीवरचे पुरुष' म्हटलं की सगळ्यांना माणूस ओळखू येतो.

वर्गाच्या निकालाचं उत्तर: नाही, आणि येऊही नये. वर्ग हा विद्यार्थी गाठायचा मार्ग आहे. बहुतेक प्रश्न त्या एका वर्गाबद्दल नसतातच.

अहवाल हातात आला. पहिल्यांदा काय वाचायचं?

बेंचमार्क बाजूला ठेवा. एकेका प्रश्नाची टक्केवारी काढा आणि 'कधीच नाही' चा स्तंभ वाचा. सरासरी २.४ वरून २.५ झाली यावर कोणाचंच मन हलत नाही; 'वर्षभरात शिक्षकांशी वर्गाबाहेर एकदाही बोललो नाही' असं म्हणणाऱ्यांचा टक्का दिसला, की खोलीत शांतता पसरते. मग तेच प्रश्न गटांनुसार फोडा: पार्टटाइम-फुलटाइम, दिवस-संध्याकाळ, २४ वर्षांपर्यंतचे आणि त्याहून मोठे, घरातले पहिलेच शिकणारे.

नंतर विद्यार्थ्यांना बोलवा. सहा ते आठ जणांचा गट, तासभर, जेवणाच्या वेळी, जेवणासह. आकडा दाखवा आणि विचारा, 'असं का होत असेल?' सल्लागाराकडे न जाण्याचं कारण प्रश्नावलीत सापडत नाही. इथे सापडतं: रांग दोन तासांची आहे आणि शिफ्ट तीनला सुरू होते.

मग एकच गोष्ट निवडा आणि ती सगळ्यांसाठी करा. मॅक्लेनी यांचं एक वाक्य या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे, की ऐच्छिक ठेवलेलं विद्यार्थी करत नाहीत. ओरिएंटेशन ऐच्छिक ठेवलं तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच येत नाहीत. शिकवणी हवी असेल तर ती कोर्सच्या वेळापत्रकात बसवा. शिक्षकांची भेट हवी असेल तर पहिल्या तीन आठवड्यांत दहा मिनिटांची एक भेट गृहपाठ म्हणून द्या. लगेच प्रतिसाद हवा असेल तर विभागाने मिळून 'सात दिवसांत तपासलेला पेपर परत' असा नियम ठरवावा.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांना याचा काय उपयोग? आपल्याकडे नॅकचा सर्व्हे असतोच.

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) २०१७ च्या चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं: २१ प्रश्न, त्यातले २० पर्यायांचे आणि शेवटचा मोकळा. विद्यार्थ्यांची यादी कॉलेज देतं, सर्व्हे नॅक परस्पर पाठवतं. कॉलेजसाठी पटाच्या १० टक्के किंवा १००, यांतली लहान संख्या पुरते. तो मूल्यांकनासाठी आहे. त्यातून कॉलेजची परीक्षा होते, निदान होत नाही. शिवाय यूजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सुरू केलेली आपल्याकडची कम्युनिटी कॉलेजं ही कौशल्य अभ्यासक्रमांची. अमेरिकेतल्यांशी त्यांचं फक्त नाव सारखं.

साम्य विद्यार्थ्यात आहे. एसटीने तासभर प्रवास करून येणारा, 'कमवा आणि शिका'त काम करणारा, संध्याकाळी दुकान सांभाळणारा, घरातला पहिलाच पदवीपर्यंत आलेला: हा विद्यार्थी सुद्धा फक्त वर्गातच भेटतो. आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) हवं असेल तर स्वतःची छोटी प्रश्नावली करता येईल. सीसीएसएसईचे प्रश्न जसेच्या तसे उचलू नका, त्यांचे हक्क राखीव आहेत, पद्धत घ्या. पंधरा-वीस प्रश्न, सगळे 'किती वेळा' प्रकारचे, मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी. वर्ग चिठ्ठ्या टाकून निवडा, शाखा आणि वर्ष यांचे थर पाडून. ज्या वर्गाची हजेरी कागदावर ८० आणि बाकांवर ३० असते, तिथे तो फरकच पहिला निष्कर्ष म्हणून लिहून ठेवा. गुगल फॉर्मचा दुवा व्हॉट्सॲप गटावर टाकून थांबू नका. शिक्षकांनी वर्गाबाहेर जावं, आणि दुसऱ्या विभागाच्या कोणीतरी तो भरून घ्यावा.

किती वर्षांनी पुन्हा घ्यावा?

दोन ते तीन. दरवर्षी घेतला तर बदलाला वेळ मिळत नाही आणि विद्यार्थी व प्राध्यापक दोघेही कंटाळतात. मधल्या वर्षात, मागच्या वेळी विद्यार्थ्यांनी काय सांगितलं आणि त्यामुळे काय बदललं, हे कॅन्टीनच्या भिंतीवर चार ओळींत लावा. ज्या कॉलेजात ते लावलेलं असतं, तिथे पुढच्या वेळी 'हे भरून काय होणार?' असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक त्या भिंतीकडे बोट दाखवू शकतात.